स्लीप अ‍ॅप्निया आणि किडनीचे विकार

झोपेत घशाची वाट आवळून श्वास किमान १० सेकंद थांबणे किंवा बराच मंदावणे, हे तासाला ५ वा अधिक वेळा घडले की स्लीप अ‍ॅप्निया मानतात. १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र.

किडनीच्या गाभ्याला एरवीही ऑक्सिजन बेताचाच मिळतो. रात्रभर तो खालीवर होत राहिला की त्या भागाची ओढाताण होते. शिवाय निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत १० ते २० टक्के उतरतो, तो इथे उतरत नाही. गाळणीवर दाब राहून लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाऊ लागते.

सर्वांत जास्त चकवणारे लक्षण म्हणजे रात्रीची लघवी. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीतला दाब घटतो, हृदयाकडे जादा रक्त येते, कप्पे ताणले जातात आणि हृदयातून सुटणारे संप्रेरक किडनीला मीठ-पाणी बाहेर टाकायला लावते. रुग्ण मात्र साखर नाहीतर प्रोस्टेट तपासत बसतो. प्रोस्टेटमध्ये बहुधा थोडी-थोडी, अडखळत होते. इथे दर खेपेला भरपूर. मापाच्या मगात मोजून पाहावे: झोपल्यापासूनची सगळी लघवी, सकाळची पहिली धरून, पासष्टीपुढच्या माणसात २४ तासांच्या एकतृतीयांशाहून जास्त भरली तर डॉक्टरांना दाखवावे. पायांची सूज, हृदयविकार आणि खुद्द किडनीविकारातही असेच होते, म्हणून एवढ्यावरून निदान करू नये.

उलट दिशाही आहे. किडनी मंदावली की दिवसा घोट्यांत साठलेले पाणी आडवे होताच मानेकडे सरकते आणि घसा आणखी अरुंद होतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोरोंटोच्या अभ्यासात १४ रुग्णांना नेहमीच्या डायलिसिसवरून रात्रभराच्या डायलिसिसवर नेल्यावर श्वास अडण्याचे सरासरी प्रमाण तासाला २५ वरून ८ वर आले. डायलिसिसचा रुग्ण सडपातळ असला, घोरत नसला, तरी शंका सोडू नये. झोपेच्या तपासणीच्या कागदावर त्या दिवसाचे वजन आणि डायलिसिसचा वार लिहावा. दोन डायलिसिसमधल्या लांब खंडाच्या शेवटी अंगात पाणी जास्त असते.

नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यात रात्रपाळी करणाऱ्यांची तपासणी त्यांच्या खऱ्या झोपेच्या वेळी, म्हणजे दिवसा व्हायला हवी. अन्यथा झोपच नीट लागत नाही आणि आकडा कमी दिसतो. इथल्या आगरी-कोळी घरांतली खारवलेली मासळी, लोणचे, पापड यांचा हिशेब दिवसाच्या ५ ग्रॅम मिठात धरावा.

सीपॅप यंत्राने (मास्कमधून दाबाखाली हवा सोडणारे) घसा उघडा राहतो, रक्तदाबही थोडा उतरतो. किडनीची घसरण मात्र त्या एकट्याने थांबते असे सिद्ध नाही. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या चालूच ठेवाव्यात, झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. एसीच्या खोलीत यंत्राच्या नळीत पाणी साचून गुरगुर होते. यंत्र पलंगाच्या पातळीखाली ठेवावे, यंत्रावरची आर्द्रता कमी करावी. यंत्राच्या टाकीत डिस्टिल्ड पाणीच वापरावे, नळाच्या पाण्याने क्षार बसतात. वीज गेली तर मास्क काढून ठेवावा.