जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नवा प्रोग्राम : एक पार्श्वभूमी

भोसरी-चिंचवडच्या लघुउद्योगांत एखादे महागडे यंत्र वर्षानुवर्षे चालते आणि त्याला जोडलेला संगणकही त्याच्याबरोबरच जुना होत जातो. त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली तर यंत्राचा ड्रायव्हर (संगणक आणि यंत्र यांना जोडणारा प्रोग्राम) चालेलच याची हमी कोणी देत नाही. म्हणून नवा प्रोग्राम त्या जुन्या सिस्टिमवर बसवून देण्याचे काम पुण्यातल्या प्रोग्रामरांच्या वाट्याला येते. या अडचणीची मुळे युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वाटचालीत आहेत.

अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत 1973 साली युनिक्सचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेला आणि त्याच दशकाच्या अखेरीस तो वेगळ्या कंपनीच्या इंटरडेटा यंत्रावर नेऊन चालवण्यात आला. एकच सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) अनेक यंत्रांवर कंपाइल व्हावा, म्हणजे त्या त्या यंत्राच्या भाषेत उतरावा, ही अपेक्षा तेव्हापासून रुजली. परंतु पुढे युनिक्सच्या शाखा फुटल्या. मजकुरातले अक्षर शोधणारे फंक्शन बीएसडी या शाखेत ‘इंडेक्स’ होते, तर सिस्टिम फाइव्ह या शाखेत त्याच कामाच्या फंक्शनचे नाव वेगळे होते. प्रोग्रामर मग कोडमध्ये यंत्राच्या नावावरून फाटे फोडत, म्हणजे प्रत्येक यंत्रासाठी वेगळा कोड लिहीत, आणि त्या नावाची पुढची आवृत्ती आली की सगळे फाटे पुन्हा तपासावे लागत.

यातून मार्ग निघाला तो प्रश्न बदलल्यामुळे. लॅरी वॉल यांच्या ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्टने 1980 च्या दशकात आणि डेव्हिड मॅकेन्झी यांनी 1991 मध्ये सुरू केलेल्या ऑटोकॉन्फ या साधनाने यंत्राचे नाव विचारण्याऐवजी हवी ती सोय तिथे आहे का, हे तपासायला सुरुवात केली. ऑटोकॉन्फ त्यासाठी चार-दोन ओळींचा प्रोग्राम कंपाइल आणि लिंक करून, म्हणजे सिस्टिमच्या लायब्ररीशी (तयार फंक्शनांच्या संचाशी) जोडून पाहतो. तो जमला तर सोय आहे, नाही तर पर्यायी कोड वापरायचा. माझ्या मते या क्षेत्रातली ही सर्वांत मोलाची कल्पना आहे. युनिक्ससारख्या सिस्टिमांत कोणत्या सोयी असाव्यात हे ठरवणारे पॉझिक्स हे मानक 1988 मध्येच आले होते, पण मानकात नाव असणे आणि सिस्टिममध्ये फंक्शन असणे यांत बरेच अंतर राहिले : वेळ मोजणारे पॉझिक्सचे ‘क्लॉक-गेटटाइम’ मॅकओएसमध्ये थेट 2016 साली, 10.12 या आवृत्तीत आले.

त्याच प्रसंगात या पद्धतीची मर्यादाही उघड झाली. नव्या मॅकवर चाचणी यशस्वी होई, आणि तिथे बांधलेला प्रोग्राम जुन्या मॅकवर ते फंक्शन न सापडल्याने बंद पडे. चाचणी बांधणाऱ्या यंत्राची होते, चालवणाऱ्या यंत्राची नव्हे. लिनक्सवर हीच अडचण जीलिबसी या मूलभूत लायब्ररीमुळे येते. या लायब्ररीतल्या फंक्शनांना आवृत्तीचे शिक्के असतात. जुना प्रोग्राम नव्या लायब्ररीवर चालतो, मात्र नव्या लायब्ररीशी लिंक झालेला प्रोग्राम जुनीवर बहुधा सुरूच होत नाही. म्हणून पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या मंडळींनी 2016 मध्ये, एकदा बांधलेले पॅकेज अनेक लिनक्सांवर चालावे यासाठी, ‘मेनीलिनक्स’चा नियम केला तेव्हा बांधणीसाठी मुद्दाम सेंटओएस 5 ही जुनी लिनक्स निवडली. नंतर वापरात आलेल्या सेंटओएस 7 चीही देखभाल 30 जून 2024 रोजी थांबली.

विंडोज एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 रोजी संपला आणि पायथॉनची 3.4 ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती ठरली. कारखान्यांच्या कामासाठी मी आजही गिऱ्हाइकाकडे असलेलीच जुनी सिस्टिम व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात) जपून ठेवतो आणि प्रोग्राम तिथेच बांधतो.