आमच्या साखरेच्या गोळ्या फिक्या का दिसतात?

गड्ड्याची जत्रा उठली की दुकानात दरवर्षी तोच प्रश्न येतो. "काका, तिथल्या गोळ्या कशा लालभडक होत्या, तुमच्याच अशा आजारी का?" गल्ल्यावर बसून प्रत्येकाला सांगणं होत नाही, म्हणून हा कागद पिशवीत टाकतोय.

गोळीचा पाक दीडशे अंशांच्या आसपास उकळतो. आम्ही लाल रंगाला बीट आणि पिवळ्याला हळद घालतो. त्या आचेत बीटचा लाल रंग तपकिरी पडतो. पाक जरा निवल्यावर घातला तरी गुलाबीवर थांबतो, लालभडक काही होत नाही. हळद आच सोसते पण उजेड सोसत नाही. म्हणून आमच्या लिंबू गोळीची बरणी आतल्या फळीवर असते. सोलापूरच्या उन्हात बाहेर ठेवली, तर थोड्याच दिवसांत पिवळी गोळी पांढुरकी होईल. कृत्रिम रंग असली नाटकं करत नाहीत, आणि चिमूटभर पुरतात.

त्या रंगांवर सरसकट बंदी नाही. ठरावीक रंग गोळ्यांत चालतात, किलोमागे 100 मिलीग्रॅमपर्यंत. म्हणजे 10 किलोच्या घाण्याला सगळे मिळून फार तर 1 ग्रॅम. आमच्या पुदिना गोळीतही 102 आणि 133 हे रंग आहेत, टार्ट्राझिन आणि ब्रिलियंट ब्लू. हिरव्याला मनासारखा पर्याय आम्हाला अजून सापडलेला नाही.

मग काळजी कसली? इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी 3 वर्षांच्या आणि 8-9 वर्षांच्या मुलांना रंग आणि सोडियम बेन्झोएट (पदार्थ टिकवायचं रसायन) घातलेलं पेय देऊन पाहिलं. 2007 साली निष्कर्ष छापून आले: काही मुलांचा चळवळेपणा थोडा वाढला, सगळ्यांचा नाही. पेयात मिश्रण असल्यामुळे नेमका कोणता रंग, हे त्यातून कळत नाही. तरीही युरोपात 2010 पासून अशा सहा रंगांच्या खाऊवर इशारा छापावा लागतो. त्यातले टार्ट्राझिन (102), सनसेट यलो (110), कार्मोइसिन (122) आणि पॉन्सो फोर आर (124) आपल्याकडे चालतात. टार्ट्राझिनने मोजक्या लोकांच्या अंगावर पित्तही उठतं. एरिथ्रोसिन (127) या लाल रंगाची परवानगी अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये काढली, कारण मोठ्या मात्रेत तो दिलेल्या नर उंदरांना कर्करोग झाला होता. माणसात तसं दिसलेलं नाही, पण तिथला कायदा प्राण्यांतला पुरावाही पुरेसा धरतो.

आमच्या मते खरी भीती परवानगी नसलेल्या रंगांची. म्हातारीच्या केसांत रोडामाइन बी सापडला म्हणून तमिळनाडूने फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांच्या विक्रीवरच बंदी घातली. रोडामाइन कापड रंगवायचा. कापडाचा रंग कापडावरच शोभतो, हे चादरींच्या गावाला आम्ही काय सांगावं! चाखून किंवा नुसतं बघून मात्र तो ओळखता येत नाही. बंद पाकिटावर रंगाचं नाव किंवा नंबर छापलेला असतो, तेवढा वाचा. सुट्या गोळ्यांना कागदच नसतो, म्हणून आमच्या प्रत्येक बरणीवर आम्ही चिठ्ठी चिकटवली आहे. अक्षर बारीक आहे खरं, दिसलं नाही तर विचारा.

रंग अजिबात नको असेल तर पांढरी पेपरमिंट मागा. वाढदिवसाला बीटवाल्या गुलाबी गोळ्या जास्त लागणार असतील तर दोन दिवस आधी सांगा. त्यांचा घाणा आम्ही लहानच काढतो.