हाडांच्या गोळीत ‘के’ जीवनसत्त्व आले कोठून?

कॅल्शियम आणि डी3 च्या गोळ्यांच्या पाकिटावर अलीकडे ‘के2-7’ असेही छापलेले दिसते. हाडांसाठी म्हणून ही गोळी घराघरांत घेतली जाते, पण हे जीवनसत्त्व सापडले ते हाडांचा अभ्यास करताना नव्हे, रक्ताचा करताना.

1929 साली कोपनहेगनमध्ये डॅनिश संशोधक हेन्रिक दाम कोंबडीच्या पिलांना कोलेस्टेरॉल नसलेले खाद्य देऊन पाहत होते. पिलांच्या कातडीखाली, स्नायूंत रक्तस्राव होऊ लागला. कोलेस्टेरॉल पुन्हा दिले, लिंबाचा रस दिला, काही उपयोग झाला नाही. उणीव होती हिरव्या पाल्यात असलेल्या, तेलातुपात विरघळणाऱ्या एका घटकाची. 1935 मध्ये दाम यांनी त्याला ‘के’ हे नाव दिले. पुढे अमेरिकेत एडवर्ड डॉइझी यांच्या गटाने लसूणघासापासून के1 आणि कुजलेल्या मासळीच्या कुटीपासून के2 वेगळे केले. 1943 चे नोबेल या दोघांना मिळाले.

त्याच काळात अमेरिकेच्या उत्तरेला आणि कॅनडात गुरे रक्तस्रावाने मरत होती. कारण होते बुरशी धरलेला स्वीट क्लोव्हरचा चारा. फेब्रुवारी 1933 मध्ये विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळातून मॅडिसनच्या विद्यापीठात आला. सोबत मेलेली कालवड, खराब चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त. कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने काही वर्षे खपून चाऱ्यातला दोषी पदार्थ शोधला, तो डायकुमेरॉल. तो ‘के’चे रक्त गोठवण्यातले काम बंद पाडतो. त्याचाच भाऊबंद वॉरफरिन 1948 मध्ये उंदराचे औषध म्हणून बाजारात आला आणि 1954 पासून माणसांना रक्त पातळ ठेवण्यासाठी दिला जाऊ लागला.

हाडांकडे नेणारा दुवाही याच डायकुमेरॉलने दिला. 1974 मध्ये स्वीडनचे योहान स्टेनफ्लो यांनी डायकुमेरॉल दिलेल्या गायींचे प्रोथ्रॉम्बिन (रक्त गोठवणारे एक प्रथिन) निरोगी गायींच्या प्रोथ्रॉम्बिनशी ताडून पाहिले. ‘के’च्या मदतीने या प्रथिनातल्या ग्लुटामिक आम्लाला एक जादा कार्बोक्सिल गट जोडला जातो आणि मगच सांडशीने पातेले धरावे तसे ते कॅल्शियम धरू शकते, हे त्यातून कळले. कॅल्शियम धरणारे प्रथिन म्हटल्यावर हाडे आठवणारच. वर्षभरात बोस्टनच्या गटाला हाडांत तसेच प्रथिन मिळाले. कॅलिफोर्नियात पॉल प्राइस यांनीही ते स्वतंत्रपणे शोधले. हेच ऑस्टिओकॅल्सिन.

‘के’ कमी पडले की ऑस्टिओकॅल्सिन अर्धवट राहते, हे पक्के आहे. त्यावरून हाड ठिसूळ होते, असे मात्र थेट म्हणता येत नाही. 1996 मध्ये ऑस्टिओकॅल्सिनच नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांच्यात हाड उलट जास्तच तयार झाले! या कोड्याकडे जाहिराती बघतही नाहीत.

माणसांमधला पुरावा सुरुवातीला आशादायक वाटला. 1999 मध्ये अमेरिकेतल्या 72,000 हून अधिक परिचारिकांच्या अभ्यासात आहारातून ‘के’ कमी घेणाऱ्यांमध्ये खुब्याची फ्रॅक्चर अधिक दिसली. पण हिरवी पाने खाणारी बाई इतर बाबतींतही तब्येतीला जपणारी असू शकते. जपानमध्ये 1995 पासून ऑस्टिओपोरोसिसवर, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजारावर, के2 चा एमके-4 हा प्रकार रोज 45 मिलिग्रॅम देण्यास मान्यता आहे. जेवणातून आपल्याला ‘के’ मिळते ते शंभर-दोनशे मायक्रोग्रॅम, म्हणजे जपानी डोस त्याच्या काहीशे पट. 2006 मध्ये अशा चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणाने खुब्याची फ्रॅक्चर खूपच घटतात असे सांगितले आणि ते जगभर उद्धृत झाले. त्यातल्या काही चाचण्या योशिहिरो सातो यांच्या होत्या. न्यूझीलंड आणि ब्रिटनच्या संशोधकांनी त्यांच्या आकड्यांतली विसंगती चिकाटीने उघड केली आणि सातोंचे अनेक निबंध मागे घ्यावे लागले. म्हाताऱ्या रुग्णांच्या उपचाराचा आधारच असा खोटा निघावा, हे मला फार गंभीर वाटते. चार हजारांहून अधिक रुग्णांच्या मोठ्या जपानी चाचणीत तर एकूणात मणक्यांची फ्रॅक्चर कमी झाली नाहीत.

शिवाय आपल्या पाकिटावरचे के2-7 म्हणजे एमके-7. नाट्टो या आंबवलेल्या सोयाबीनमध्ये भरपूर असणारा हा वेगळा प्रकार आहे. त्याच्या चाचण्या थोड्या आणि परस्परविरोधी आहेत: नेदरलँड्समध्ये तीन वर्षांत हाडांची झीज थोडी मंदावली, नॉर्वेत वर्षभरात फरक पडला नाही.

पालक, मेथी, शेवग्याचा पाला, माठ यांतून के1 मिळते आणि फोडणीच्या तेलामुळे ते अंगी लागते. हृदयाची झडप बदललेल्या किंवा इतर कारणाने वॉरफरिन वा त्याच प्रकारचे असिट्रोम घेणाऱ्यांनी पालेभाजी सोडायची नसते. तिचे प्रमाण आठवड्यागणिक सारखे ठेवायचे असते. के2-7 ची गोळी मात्र अशा रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. एमके-7 रक्तात बरेच दिवस टिकते आणि थोड्या मात्रेतही आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) खाली आणू शकते, म्हणजे औषधाचा परिणाम कमी करू शकते. दुकानात हाडांची गोळी मागताना पाकिटाची मागची बाजू वाचावी आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर तसे आधीच सांगावे.