शिफारशीचे तीन कप्पे

ब्रिटनमध्ये पदवीच्या प्रवेशाचा अर्ज भरतो विद्यार्थी, पण बहुतेकदा तो पुढे पाठवते शाळा. पाठवण्याआधी शिक्षक त्याला आपला मजकूर जोडतात. तिकडे त्याला नुसतं ‘रेफरन्स’ म्हणतात. २०२३च्या प्रवेशापर्यंत हा मजकूर म्हणजे चार हजार अक्षरांची एक मोकळी चौकट होती, शिक्षकाने हवं ते, हवं त्या क्रमाने लिहावं अशी. आता तिचे तीन कप्पे झाले आहेत.

मुळात सगळ्या विद्यापीठांना मिळून एकच अर्ज, ही कल्पनाच तशी अलीकडची. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यापीठात जाणाऱ्यांची संख्या वाढली. एकच मुलगा पाच-सहा ठिकाणी वेगवेगळे अर्ज करी, आणि तो शेवटी कुठे जाणार याचा पत्ता कोणत्याच विद्यापीठाला नसे. या गोंधळावर उपाय म्हणून १९६१ मध्ये ‘उक्का’ ही मध्यवर्ती प्रवेशसंस्था उभी राहिली. पॉलिटेक्निकांसाठी (तिकडे या पदवीचं शिक्षण देणाऱ्या, पण विद्यापीठ नसलेल्या संस्था) पुढे ‘पीकॅस’ नावाची वेगळी यंत्रणा आली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही एकत्र होऊन ‘युकास’ झाली. तिचं कार्यालय चेल्टनमला आहे. आज बहुतेक अभ्यासक्रमांसाठी एका अर्जात पाच पर्याय देता येतात. रेफरन्स मात्र एकच, तोच पाचही ठिकाणी जातो. त्यामुळे शिक्षकाला कुठल्याही एका विद्यापीठाचं नाव घेऊन लिहिता येत नाही.

पूर्वी हा मजकूर विद्यार्थ्याच्या दृष्टीला पडत नसे. मुख्याध्यापकांनी आपल्याबद्दल काय लिहिलं, याचा अंदाजच बांधायचा. १९९८च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर अर्जदाराला तो रीतसर मागवून वाचता येऊ लागला. (२०१८च्या कायद्याने गोपनीय शिफारशींना पुन्हा सूट दिली, ते वेगळं.) ज्याच्याबद्दल लिहितोय तोच उद्या वाचू शकतो म्हटल्यावर कोणताही शिक्षक हात आखडता घेणारच. मग ‘मनमिळाऊ’, ‘कष्टाळू’, ‘वर्गचर्चेत भाग घेते’ अशी गुळगुळीत विशेषणं उरतात. आपल्याकडच्या दाखल्यातल्या ‘वर्तणूक चांगली’ या शब्दांची ही जरा लांबलचक आवृत्तीच म्हणायची.

खरी अडचण मात्र भाषेपेक्षा शाळांमधल्या अंतराची होती. महागड्या खासगी शाळेत प्रवेशाचं काम बघायला स्वतंत्र माणूस असतो. मसुदा दोनदा तपासला जातो, कोणत्या अभ्यासक्रमाला काय वाचायचं असतं ते त्याला पाठ असतं. सरकारी शाळेतला शिक्षक तेच काम वह्या तपासून झाल्यावर रात्री करतो. म्हणजे निवड समितीसमोर येत होतं ते मुलाच्या गुणांइतकंच शाळेचं लेखनकौशल्य.

अपेक्षित गुण, म्हणजे ‘प्रेडिक्टेड ग्रेड्स’, हेही शाळाच देते. ए-लेव्हलचा, म्हणजे तिकडच्या शालान्त परीक्षेचा, निकाल ऑगस्टमध्ये लागतो आणि अर्ज त्याच्या कितीतरी महिने आधी जातो, म्हणून ही सोय. २०१६ मध्ये शिक्षणाच्या अभ्यासक गिल वायनेस यांच्या पाहणीत फक्त १६ टक्के अर्जदारांचे अंदाज तंतोतंत खरे ठरलेले दिसले. बहुतेक चुका वरच्या बाजूला झुकलेल्या होत्या. २०२० मध्ये कोविडमुळे परीक्षाच रद्द झाल्या, अल्गोरिदमने दिलेल्या गुणांवरून रान उठलं आणि शेवटी शिक्षकांनी दिलेले गुण धरावे लागले. निकाल लागल्यावरच प्रवेश द्यावेत का, यावर सरकारने २०२१ मध्ये मतं मागवली. २०२२ मध्ये तो विचार गुंडाळला. अर्ज निकालाआधीच जाणार हे ठरल्यावर, निदान त्यातले कागद तरी सुधारावेत इतकंच हातात उरलं. युकासने मग रेफरन्स आणि विद्यार्थ्याने स्वतःबद्दल लिहायचं ‘पर्सनल स्टेटमेंट’ हे दोन्ही हाती घेतले. स्टेटमेंटचे तीन प्रश्न झाले ते २०२६च्या प्रवेशापासून.

रेफरन्सचा पहिला कप्पा शाळेबद्दल आहे: शाळा कशी, किती मोठी, कोणते विषय शिकवते, अपेक्षित गुण कसे ठरवते. हा मजकूर एकदा लिहून सगळ्या मुलांना तोच लावता येतो. दुसऱ्यात आजारपण, घरातला मृत्यू, मध्येच शिक्षक सोडून जाणं अशी अभ्यासावर परिणाम करणारी कारणं. इथे विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय खासगी गोष्ट लिहायची नाही. तिसऱ्यात त्या मुलाबद्दल अभ्यासक्रमाच्या दृष्टीने आणखी काही सांगण्यासारखं असेल तर. दुसरा आणि तिसरा रिकामे ठेवले तरी चालतात, म्हणजे शिक्षकाने मुलाबद्दल एकही वाक्य न लिहिता अर्ज पुढे जाऊ शकतो. शिक्षकांचा वेळ वाचला हे खरंच. पण प्रयोगशाळेत सुट्टीनंतरही रेंगाळणाऱ्या मुलीची गोष्ट आता तिसऱ्या, ऐच्छिक कप्प्यात जाऊन बसली आहे, आणि ती लिहायची की नाही हे पुन्हा शिक्षकाच्या सवडीवरच.

आपल्याकडे बारावीनंतर इंजिनिअरिंगला किंवा मेडिकलला जाताना सीईटी आणि नीटचे गुण चालतात, शिक्षकांचं मत कोणी विचारत नाही. त्यामुळे पुण्या-नाशिकच्या ज्युनिअर कॉलेजमधून एखादी मुलगी युकासचा अर्ज भरते, तेव्हा सरांना पहिला कप्पाच अवघड जातो. मुलीबद्दल दोन चांगले शब्द लिहिणं सोपं. आपल्या वर्गात मुलं किती, बोर्डाचे गुण कसे मिळतात, शेवटच्या वर्षी निम्मी मुलं क्लासला असतात का, हे परक्या माणसाला कळेल असं त्यांना याआधी कोणी लिहायला सांगितलेलंच नसतं.