परमँगनेटचे पाच इलेक्ट्रॉन मोजायचे कसे?

नागपूरहून रामटेकला जाताना वाटेत लागणारे मनसर मँगनीजच्या खाणींसाठी ओळखले जाते. याच मूलद्रव्याचे जांभळे संयुग, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, इथले बारावीचे विद्यार्थी प्रात्यक्षिकाला ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली तोटी असलेल्या मापाच्या काचनळीत, भरतात आणि 'आम्लात ते पाच इलेक्ट्रॉन घेते' एवढे घोकून परीक्षेला बसतात. खरे तर हा आकडा घोकण्याचा नाहीच. तो त्याच ब्युरेटवर मोजता येतो.

अनुमापनातून, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात अभिक्रिया पूर्ण होईपर्यंत मोजून सोडण्यातून, फक्त गुणोत्तर कळते, म्हणून एका बाजूचा हिशेब आधी पक्का असावा लागतो. ऑक्झॅलिक आम्लाच्या रेणूतील दोन्ही कार्बन +3 वरून +4 या ऑक्सिडीकरण अवस्थेत (प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन गमावून) जाऊन कार्बन डायऑक्साइड बनतात, म्हणजे एक रेणू दोन इलेक्ट्रॉन देतो. या आम्लाचे 0.63 ग्रॅम स्फटिक विरघळवून 100 मिलिलिटर द्रावण केले, की ते 0.05 मोलर होते, म्हणजे लिटरमागे 0.05 मोल (मोल हे रेणूंच्या संख्येचे एकक). त्यातले 20 मिलिलिटर शंकूपात्रात घेऊन, त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल घालून ते 60 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे आणि वरून 0.02 मोलर परमँगनेट थेंबाथेंबाने सोडावे. पहिल्या थेंबाचा रंग बराच रेंगाळतो. पुढचे थेंब मात्र पडताक्षणी विरतात, कारण तयार झालेले मँगनीजचे आयनच अभिक्रियेला वेग देतात. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबावे, आणि द्रावण गडद असल्याने वाचन पृष्ठभागाच्या वरच्या कडेवरून घ्यावे.

वाचन 20 मिलिलिटरच्या आसपास येते. आम्ल 0.001 मोल, म्हणजे इलेक्ट्रॉन 0.002 मोल, परमँगनेट 0.0004 मोल, भागाकार पाच.

हा पाच आम्लधर्मी माध्यमापुरताच. आम्ल कमी पडले तर तपकिरी मँगनीज डायऑक्साइड तयार होऊन काम तीन इलेक्ट्रॉनांवरच थांबते, तर तीव्र अल्कात हिरव्या मँगनेटपर्यंत जायला एकच पुरतो. हायड्रोक्लोरिक आम्लही इथे नको. त्यातल्या क्लोराइडवर परमँगनेट खर्ची पडून वाचन फुगते.

एकदा पाच हाती आला, की अनोळखी अभिक्रियाही तपासता येते. आम्लात भरपूर फेरिक (+3 लोहाचा) क्षार घालून हायड्रॉक्सिलअमीन हे नायट्रोजनचे संयुग उकळले, की तयार झालेले फेरस (+2 लोहाचे) आयन परमँगनेटने मोजता येतात, आणि हायड्रॉक्सिलअमीनच्या एका मोलमागे ते दोन मोल भरतात. प्रत्येक फेरिक आयन एकच इलेक्ट्रॉन घेतो. म्हणजे नायट्रोजनने दोन दिले, तो −1 वरून +1 वर गेला, आणि बाहेर पडलेला वायू नायट्रोजन +1 अवस्थेत असणारा नायट्रस ऑक्साइड होता, हे तो वायू बाटलीत न धरताही कळते.