खताच्या पुडीवरचं नाव आणि आतला माल

मोंढ्यात खताच्या दुकानात झिंक सल्फेट मागितलं की दुकानदार विचारतो, एकवीसवालं देऊ का तेहतीसवालं? बरेच जण भाव ऐकून एकवीसवालं उचलतात, आणि काहींना वाटतं की तेहतीसवाल्यात कंपनीनं काहीतरी जादा भारी टाकलेलं असणार. टाकलेलं काहीच नसतं, उलट पाणी काढलेलं असतं. पुडीवर बारीक अक्षरात बघा, एकीवर हेप्टाहायड्रेट लिहिलेलं असतं आणि दुसरीवर मोनोहायड्रेट. हेप्टा म्हणजे सात, मोनो म्हणजे एक, आणि हायड्रेट म्हणजे स्फटिकात पक्कं बसलेलं पाणी. शुद्ध हेप्टाहायड्रेटचं गणित केलं तर किलोमागं 440 ग्रॅमच्या आसपास नुसतं पाणीच भरतं, हाताला अगदी कोरडं लागत असलं तरी. म्हणून एकीत जस्त 21 टक्के आणि दुसरीत 33 टक्के. मग भाव किलोचा बघायचा का जस्ताचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण ठरवायला लागणारी सगळी माहिती नावातच आहे.

शाळेत आपल्याला ही नावं पाठ करायला लावतात, ती तयार कशी होतात ते कुणी नीट सांगत नाही, आणि मला हे फार चुकीचं वाटतं. कारण ही नावं पाठ करायची नाहीतच, वाचायची आहेत.

आधी काय होतं ते बघा. आपल्याकडं मोरचूद, हिराकस, नवसागर, तुरटी, टाकणखार ही नावं पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहेत, जालन्याकडं मोसंबीच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावायची तर आजही मोरचूद आणि चुनाच म्हणतात. पण मोरचूद आणि हिराकस दोन्ही सल्फेट आहेत, एक तांब्याचं आणि एक लोखंडाचं, हे त्या नावांवरून काही केल्या कळत नाही. युरोपातही तीच गत, तिथं एका पदार्थाला अँटिमनीचं लोणी म्हणायचे आणि एकाला जस्ताची फुलं. शेवटी गितों द मोर्व्हो नावाच्या फ्रेंच माणसानं, जो मूळचा वकील होता, 1782 मध्ये म्हटलं की पदार्थ ज्याचा बनलाय तेच त्याचं नाव पाहिजे. मग लव्हाझिए, बर्थोले आणि फुर्क्रॉय यांना धरून चौघांनी 1787 मध्ये नावांची पद्धतच छापून काढली. सल्फेट, नायट्रेट हे जे शब्द आज आपल्या पोत्यांवर आहेत त्यांचं घराणं तिथलं.

पद्धत साधी आहे. धातूचं नाव आधी, दुसरा भाग नंतर. दुसरा भाग एकट्या मूलद्रव्याचा असला तर शेवटी आईड, जसं क्लोराईड, सल्फाईड. त्यात ऑक्सिजन मिसळलेला असला तर बहुतेक वेळा एट नाहीतर आईट, एटमध्ये ऑक्सिजन जास्त, आईटमध्ये कमी. किती ते मात्र शेपटीवरून कळत नाही, सल्फेटमध्ये चार आणि नायट्रेटमध्ये तीन, ही या पद्धतीतली खरी अडचण आहे आणि एवढं मात्र लक्षातच ठेवावं लागतं.

पण ही शेपटी किती महत्त्वाची ते क्लोरीनवरून बघा. पोटॅशियम क्लोराईड म्हणजे आपलं एमओपी, पोटॅश खत, गोठ्यात पोतं पडून राहिलं तरी काही होत नाही. पोटॅशियम क्लोरेट म्हणजे काडीपेटीच्या गुलातलं द्रव्य, गंधकाबरोबर नुसतं घासलं तरी भडका उडू शकतो. ऑक्सिजन आणखी एक वाढला की परक्लोरेट, अमोनियम परक्लोरेट रॉकेटच्या इंधनात वापरतात. आणि उलटीकडं, ऑक्सिजन एकच असला की हायपोक्लोराईट, जे ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या टीसीएल पावडरमध्ये असतं. आता गंमत अशी की टीसीएल हे ट्रॉपिकल क्लोराईड ऑफ लाईम या जुन्या नावाचं लघुरूप आहे, आणि ते नाव फसवं आहे. त्यावर विसंबून कुणी कॅल्शियम क्लोराईड आणून विहिरीत टाकलं तर एक जंतू मरणार नाही, कारण काम करतं ते कॅल्शियम हायपोक्लोराईट.

लोखंडाची गोष्ट आपल्या मराठवाड्याच्या जमिनीशी जास्त जवळची. लोखंड दोन रूपात येतं, फेरस आणि फेरिक, फेरसवर दोन धन भार असतात आणि फेरिकवर तीन. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोखंड पुष्कळ असतं पण फेरिक होऊन अडकून बसतं, मुळाला मिळत नाही, आणि सोयाबीनचं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यावर फेरस सल्फेट फवारतात, म्हणजेच हिराकस. हे पाणी कालवून तसंच ठेवलं तर हळूहळू तांबूस पिवळं होतं, म्हणजे फेरसचं फेरिक व्हायला लागलं, म्हणून ताजं कालवून लगेच फवारायचं. बरं, फेरस म्हणजे दोन असलं तरी क्युप्रस म्हणजे एक, असा घोळ आहे. तो मिटवायला आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं 1919 मध्ये सुचवलं की धातूच्या नावापुढं कंसात रोमन आकडाच लिहा. शास्त्राच्या पुस्तकात आता तसंच लिहितात, पण खताच्या पुडीवर आणि दवाखान्यातल्या रक्तवाढीच्या गोळ्यांवर फेरस अजून आहे.

ड्रिपवाल्या शेतकऱ्यांची भाषा वेगळीच, तिथं सगळं आकड्यात चालतं, बारा एकसष्ठ द्या, तेरा शून्य पंचेचाळीस द्या. हे आकडे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) यांचे, पण त्यात स्फुरद आणि पालाश ऑक्साईडच्या हिशोबानं मोजायची जुनी रीत आहे, पुडीत ते ऑक्साईड नसतातच. आकड्यांच्या शेजारचं नाव वाचलं तर आत काय आहे ते कळतं. बारा एकसष्ठ म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेट, तेरा शून्य पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. आणि कॅल्शियम नायट्रेट सोडायचं असेल तेव्हा ही नावं वाचल्याशिवाय टाकी भरूच नका, कारण पाण्यात गेल्यावर नावाचे दोन्ही भाग सुटे होतात आणि कॅल्शियम समोर फॉस्फेट दिसलं की त्याला धरून खाली बसतं, सल्फेट असलं तर जिप्सम होऊन बसतं, आणि ड्रिपरची भोकं बुजतात. पोटॅशियम नायट्रेटबरोबर मात्र चालतं, दोन्हीकडं नायट्रेटच आहे, खाली बसण्यासारखं काही तयारच होत नाही.