निवडणूक अंदाज (गोवा)

मतदारांशी बोलून पक्षनिहाय जागांचा जो हिशेब वृत्तपत्रे आणि वाहिन्या मांडतात, तो निवडणूक अंदाज. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १२६-अ नुसार शेवटच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल, म्हणजे मत देऊन बाहेर पडलेल्यांना विचारून बांधलेले अंदाज, जाहीर करता येत नाहीत. म्हणूनच १४ फेब्रुवारी २०२२ रोजी मत दिलेल्या गोमंतकीयांना आपल्या राज्याचे एक्झिट पोल त्याच वेळी निवडणूक असलेल्या उत्तर प्रदेशातील मतदान आटोपल्यावर, ७ मार्चच्या संध्याकाळी पाहायला मिळाले.

त्या वेळी बहुतेक वाहिन्यांनी त्रिशंकू विधानसभा सांगितली होती. प्रत्यक्षात ४० पैकी २० जागा भाजपला आणि ११ काँग्रेसला मिळाल्या. असे अंदाज गोव्यात फसतात, त्याचे मुख्य कारण मतदारसंघांचा आकार. एका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आतच मतदार. उमेदवार घरोघरी ओळखीचा. एखाद्या वाड्याने मन बदलले तरी निकाल फिरतो. मुख्यमंत्री प्रमोद सावंत साखळीत ६६६ मतांनी निवडून आले, पणजीत बाबूश मोन्सेरात ७१६ मतांनी, तर सांत आंद्रेत विरेश बोरकर अवघ्या ७६ मतांनी. राज्यभरातल्या नमुना पाहणीत ही ७६ मते दिसणार कशी? शिवाय मतांची टक्केवारी आणि जागा यांचा मेळ बसत नाही. बोरकरांच्या रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाला नऊ टक्क्यांच्या आसपास मते पडली, जागा एकच. आम आदमी पक्षाला त्याहून कमी मतांत दोन. तृणमूलच्या हाती मात्र भोपळा.

मतदानापूर्वीच्या अंदाजांचा परिणाम वेगळा आणि अधिक गंभीर आहे. ‘तुमचे मत फुकट जाईल’ हा मतविभागणीचा धाक प्रचारात त्यांच्याच आधारे घातला जातो.

गोव्याचा मतदार पक्ष आणि प्रश्न वेगळे ठेवतो, हे फार पूर्वीच दिसले आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ‘गोमन्तक’ हे दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने, तर ‘राष्ट्रमत’ हे दैनिक विरोधात हिरिरीने लिहीत होते. कौलाआधी राजीनामा देईपर्यंत सत्तेवर विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष असूनही विलीनीकरणाची खूण असलेले फूल हरले, विरोधाची खूण असलेली दोन पाने ३४,०२१ मतांनी जिंकली. दोनच महिन्यांनी त्याच मतदारांनी दयानंद बांदोडकरांच्या मगोला पुन्हा सत्तेवर बसवले.

जागांचा आकडा अचूक आला, तरी सरकार कोणाचे हे गोव्यात त्यावरून सांगता येत नाही. २०१७ मध्ये काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ जागा मिळूनही मुख्यमंत्री झाले भाजपचे मनोहर पर्रीकर. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तर काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला.